मीठ, चहा, बिडी आणि डोक्याच्या गोळ्या

एप्रिल संपत आला की माझ्या फोनवर एक ठराविक प्रश्न यायला लागतो. "सिस्टर, ह्यांचे हात फार थरथरतायत, काय करू, गोळी वाढवून देऊ का?" आणि मी गोळीबद्दल काही बोलायच्या आधी विचारते, पाणी किती पितात, जेवणात मीठ आहे ना, जुलाब उलट्या झाल्या का, कुठला उपास चालू आहे का. पलीकडे जरा वेळ कोणी बोलतच नाही. त्यांना वाटतं सिस्टरचं लक्ष नाही, आपण विचारतोय गोळीचं आणि ही बाई विचारतेय वरणातल्या मिठाचं.

मी सायकॅट्री वॉर्डाची नर्स आहे, इथेच ग्वाल्हेरला, कुठल्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही आणि पेशंटची ओळख पटेल असंही काही लिहिणार नाही. शहरातल्या लष्कर भागात राहते, म्हणजे आजूबाजूला आपले मराठी लोक भरपूर आणि त्यामुळे ड्यूटी संपली तरी ड्यूटी संपत नाही, दौलतगंजात भाजी घेताना पण कोणीतरी काकू हळूच बाजूला घेऊन पर्स उघडतात आणि चुरगळलेली पर्ची, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, दाखवतात. तर या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय. माझ्या बघण्यात गोळ्यांचा घोटाळा पर्चीवर कमी होतो आणि घरात जास्त होतो, आणि तो होतो मीठ, चहा, बिडी, उपास असल्या गोष्टींपायी, ज्या डॉक्टर विचारत नाहीत कारण ओपीडीबाहेर रांग लागलेली असते आणि घरचे सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं यात डॉक्टरला सांगण्यासारखं काय आहे. (आधीच सांगते, हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळी कमीजास्त करू नका, वाचा आणि पुढच्या वेळी डॉक्टरला विचारा.)

सुरुवात मिठापासून, कारण मे महिना आहे आणि बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा आहे.

लिथियम. बायपोलरच्या पेशंटला, म्हणजे ज्यांचा मूड कधी एकदम वर जातो, झोप नको, पैसे उधळा, मोठमोठ्या गप्पा आणि कधी एकदम खाली जातो, त्यांना हे फार जुनं आणि फार चांगलं औषध आहे. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने ते मॅनियाच्या, म्हणजे मूड असा वर गेलेल्या, पेशंटना देऊन बघितलं आणि तिथून त्याची सुरुवात झाली. गंमत म्हणजे (गंमत कसली, वाईटच) त्याच वर्षी अमेरिकेत लिथियम क्लोराइड मिठाच्या जागी विकलं जात होतं, हार्टच्या ज्या लोकांना मीठ बंद सांगितलेलं असायचं ते लोक ते जेवणावर भुरभुरवून खायचे, आणि त्यात काही माणसं गेली म्हणून ते बाजारातून उठवावं लागलं. म्हणजे लिथियम आणि मीठ यांचं नातं आजकालचं नाही. आपली किडनी या दोघांना जवळपास एकाच रांगेत उभं करते. शरीरात मीठ कमी पडलं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते, पाणी कमी पडलं तरी तेच, आणि मग गोळी तीच, मात्रा तीच, पण रक्तातलं लिथियम चढत जातं.

आणि या औषधात चढायला जागाच कमी आहे हो. साधारण 0.6 ते 1.0 च्या आसपास लेव्हल ठेवतात, मॅनिया जोरात असेल तर 1.2 पर्यंत नेतात, आणि 1.5 च्या वर गेलं की विषारीपणा सुरू होतो. औषध आणि विष यांच्यात एवढंसंच अंतर असलेल्या रोजच्या गोळ्या फार थोड्या. म्हणून ती रक्ताची तपासणी. लेव्हल बसेपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला, मग तीनेक महिन्यांनी, आणि किडनी थायरॉइड सहा महिन्यांनी. रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, हे मात्र लॅबवालेही सांगायला विसरतात. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. लोक काय करतात, सकाळी उठून सवयीने गोळी खाऊन मग लॅबमध्ये जातात, लेव्हल उगाच जास्त दिसते, डॉक्टर गोळी कमी करतात आणि महिन्याभरात मॅनिया परत. हे मी बघितलंय.

थरथर म्हणाल तर हाताला थोडी बारीक थरथर लिथियमवर चांगली लेव्हल असताना पण असते, चहाचा कप धरला की बशी वाजते एवढी. पण थरथर मोठी व्हायला लागली, चालताना झोक जायला लागला, बोलणं जड झालं, उलट्या जुलाब सुरू झाले, माणूस गुंगीत वाटायला लागला तर मग फोन करून सिस्टरला विचारत बसायचं नाही, पुढची गोळी थांबवायची आणि सरळ हॉस्पिटल.

आता उपास. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, बरीच वर्षं लिथियमवर, तब्येत एकदम ठणठणीत, अजून स्वतः लोणची घालतात. ज्येष्ठातली निर्जला एकादशी आजी कधी सोडायच्या नाहीत. आता ज्येष्ठ म्हणजे काय महिना आहे ते ग्वाल्हेरच्या माणसाला सांगायला नको, रात्री अकराला पण भिंतीला हात लावला तर गरम लागते, आणि त्यात दिवसभर पाण्याचा थेंब नाही. मी आणि त्यांची सून दोघी बसलो समजवायला. "अगं, मी लग्नाच्या आधीपासून करतेय ही एकादशी, गोळी तर मागाहून आली!" मुद्दा बिनतोड होता. शेवटी त्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलं की आजी, उपास करा पण पाणी, ताक आणि मीठ घालून केलेलं काहीतरी पोटात जाऊ द्या, आणि आजींनी देवाशी काय तडजोड केली ते त्यांनाच माहीत, पण आता त्या दिवशी ताक पितात. सुनेला मी एवढंच सांगितलंय की हरतालिकेला पण लक्ष ठेव, आणि रविवारचा अळणी उपास कोणी सुचवला तर घरातच शिरू देऊ नकोस त्याला. आणि उलटं पण करायचं नाही बरं का, घाबरून एकदम पापड-लोणची-खारे दाणे वाढवले तर लिथियम धुऊन निघून जातं आणि लेव्हल खाली येते. रोज जेवढं मीठ तेवढंच रोज, एवढंच सांभाळायचं.

याच खात्यात दुखण्याच्या गोळ्या. गुडघे दुखले, मेडिकलवाल्याकडून आयब्युप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक आणून खाल्ली, चार दिवसांत लिथियम वर. पॅरासिटामॉल चालते. ब्लडप्रेशरच्या पण बऱ्याच गोळ्या लिथियम वाढवतात, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, आणि त्या लघवी जास्त करायला लावणाऱ्या हायड्रोक्लोरोथायाझाइडवाल्या तर नक्कीच. बीपीचा डॉक्टर वेगळा, डोक्याचा डॉक्टर वेगळा, आणि पेशंट बीपीच्या डॉक्टरला डोक्याच्या गोळ्यांबद्दल सांगतच नाही, लाज वाटते. ही लाज जेवढं नुकसान करते ना, तेवढं कुठल्या साइड इफेक्टने पण होत नसेल.

उन्हाळ्याचं अजून एक. स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे ज्यात नसलेले आवाज ऐकू येतात, भलते संशय येतात त्या आजाराच्या, औषधांनी शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते, आणि त्यांच्या जोडीला हातपाय ताठू नयेत म्हणून जी ट्रायहेक्सीफेनिडिल देतात, आपल्याकडे सगळे पॅसिटेन म्हणतात तिला, ती घाम कमी करते. घाम नाही तर अंग थंड कसं होणार. दुपारी दोन वाजता छतावरच्या खोलीत पत्र्याखाली झोपलेला पेशंट, (आणि घरात नेमकी तीच खोली त्याला दिलेली असते, का ते आपण सगळे जाणतो) त्याला लू, म्हणजे उष्माघात, लागायला वेळ लागत नाही. खाली आणा त्याला. कूलर असलेल्या खोलीत झोपवा.

पण ताप आला म्हणजे लूच, असंही समजू नका. या औषधांची एक वाईट रिअॅक्शन असते, न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम म्हणतात, आम्ही एनएमएस म्हणतो, कमी जणांना होते पण झाली तर जीवावर बेतते. बहुतेक वेळा औषध नवीन सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या दोनेक आठवड्यांत. ताप चढतो, अंग लाकडासारखं कडक होतं, हात वाकवायला गेलं तर वाकत नाही, घामाने भिजतो, बीपी वरखाली, आणि माणूस बरळायला लागतो किंवा बोलणंच बंद. घरचे काय म्हणतात, लू लागलीये, कैरीचं पन्हं द्या, आणि वर त्या रात्रीची गोळी पण देतात कारण बरळतोय म्हणजे आजार वाढला. कैरीचं पन्हं मलाही आवडतं पण ताप आणि ताठलेलं अंग असं दोन्ही एकत्र दिसलं तर गोळी बंद आणि इमर्जन्सी, त्याच रात्री, सकाळची वाट नाही बघायची. तिथे गेल्यावर पहिल्यांदा कुठली गोळी चालू आहे ते सांगायचं, पाकीट बरोबर न्यायचं.

आता वॉर्डातलं थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं नर्स म्हणजे ट्रॉली ढकलत गोळ्या वाटत जाणारी बाई. आम्हाला शिकताना पाच गोष्टी घोकून घेतात, माणूस बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, द्यायचा मार्ग बरोबर, वेळ बरोबर. ऐकायला सोपं आहे. आता ग्वाल्हेरच्या वॉर्डात दोन शिंदे असणं हे तर ठरलेलंच, कधी तीन, आणि जाधव पवार वेगळे, वर सायकॅट्रीच्या पेशंटला "तुम्हीच शिंदे ना?" विचारलं तर गुंगीत कोणीही हो म्हणतो. म्हणून मी कधी नाव सांगून विचारत नाही, "तुमचं पूर्ण नाव सांगा काका, वडिलांचं पण" असं विचारते आणि चार्टशी जुळवते. औषधांची नावं पण अशी की वाचणाऱ्याची परीक्षा, क्लोनाझेपाम, क्लोबाझाम, क्लोझापिन, क्लोनिडिन, चारही वेगळी औषधं, आणि डॉक्टरचं अक्षर घाईतलं असेल तर "क्लो" च्या पुढे नुसती एक रेघ. अशा वेळी अंदाज करायचा नसतो, फोन करायचा असतो, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी, आणि पलीकडून ओरडा बसला तरी.

मग गोळी हातात दिली की संपलं का, नाही. सायकॅट्रीत खरं काम तिथून सुरू होतं. गालात दाबून ठेवणं, जिभेखाली लपवणं, खोटं खोटं गिळून बाथरूममध्ये थुंकणं. नव्या मुली येतात ट्रेनिंगला त्या म्हणतात, "सिस्टर, तोंड उघडा, जीभ वर करा असं म्हणू का?" म्हणायचं, पण शेवटी, आणि सगळ्यांसमोर नाही. मी काय करते, पाण्याचा ग्लास पूर्ण भरून देते, एक घोट नाही, पूर्ण ग्लास, आणि तो संपेपर्यंत गप्पा मारत उभी राहते. कुठलं गाव, किती म्हशी, पाऊस झाला का, मुलगी कितवीत. बोलायला लागलं की गालातली गोळी लपत नाही, जीभ जड होते, लगेच कळतं. पोलिसासारखी झडती घेतली तर त्या दिवशी गोळी सापडेल, दुसऱ्या दिवसापासून तो तुमच्याशी बोलणार नाही, आणि सायकॅट्रीत पेशंट बोलायचा थांबला की आम्ही आंधळे.

एक मुलगा होता, भिंडकडचा, लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं. गोळ्या थुंकायचा. वडील संतापायचे, डॉक्टर म्हणायचे आजाराची जाणीव नाही म्हणून करतो, चार्टवर तसं लिहिलेलं पण होतं. एकदा संध्याकाळी आमचा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, त्याच्याशी बोलत बसला होता, मी जरा लांब कपाट लावत होते, तर तो पोरगा खाली मान घालून म्हणाला की भैया, ये गोली खाता हूँ तो मैं मर्द नहीं रहता. एवढंच. त्याला चालू असलेल्या रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, त्याने हा त्रास होऊ शकतो, पुस्तकात आहे, सगळ्यांना माहीत आहे, पण त्याला कोणी विचारलंच नव्हतं आणि तो सिस्टरला कसा सांगणार, वडील तर बाजूलाच बसलेले. डॉक्टरांनी औषध बदललं. थुंकणं बंद झालं. म्हणजे आजाराची जाणीव त्याला चांगली होती, जाणीव आम्हाला नव्हती. तेव्हापासून माझा नियम आहे, गोळी नको म्हणणाऱ्याला आधी विचारायचं की ही गोळी घेतल्यावर काय होतं तुला, आणि पुरुष पेशंट असेल तर हा प्रश्न ब्रदरने विचारायचा आणि बाई असेल तर आम्ही, नवऱ्याला चहा आणायला पाठवून. बायकांची पाळी जाते या औषधांनी, स्तनातून दूध येतं, त्या घाबरून गप्प बसतात.

चहावरून आठवलं. चहात गोळी.

हे किती घरांत चालतं ते लिहायला बसले तर लोक म्हणतील सिस्टर वाढवून सांगते. पेशंट गोळी घेत नाही, मग आई बिचारी कुटून चहात, कणकेत, डाळीत घालते. मी आईला दोष देत नाही, जिच्या घरात रात्री तीनला मुलगा सगळ्यांना उठवून मारहाण करतो तिला शहाणपण शिकवणारी मी कोण. पण तीन गोष्टी तिला माहीत असायला पाहिजेत आणि कोणी सांगत नाही. एक तर रिस्पेरिडोनचं जे पातळ औषध येतं, थेंबांचं, जे नेमकं चहात घालायला सोपं म्हणून लोक मागून घेतात, ते चहात आणि कोलात चालत नाही, मूळ औषधाच्या माहितीपत्रकातच तसं लिहिलंय, पाणी, कॉफी, संत्र्याचा रस, कमी सायीचं दूध चालतं. म्हणजे आई रोज जीव मुठीत धरून चहात औषध घालते आणि ते नीट पोचतच नाही. दुसरं, लिथियम आणि व्हॅलप्रोएटच्या ज्या हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या असतात, पाकिटावर एसआर, सीआर, ईआर असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. आणि तिसरं, कणकेतली पोळी कोणी खाल्ली? नातवाने उचलून खाल्ली तर?

आणि कळतं हो पेशंटला. कधी ना कधी कळतंच, चहा कडू लागतो, नाहीतर तळाशी पांढरा चुरा दिसतो. ज्याला आधीच वाटत असतं की घरचे मला विष घालतायत, त्याला पुरावाच मिळाला की! मग तो घरचं जेवण बंद करतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला हक्क दिलाय की त्याला काय उपचार देतायत आणि त्याचे साइड इफेक्ट काय हे त्याला सांगितलं पाहिजे, आणि बरा असताना तो आधीच लिहून ठेवू शकतो की पुढे आजार वाढला तर मला कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, माझ्या वतीने कोणी बोलायचं ते पण. हे कागद आपल्याकडे फार कमी लोक करतात. पण चहाला पर्याय आहेत, तोंडात ठेवली की विरघळणारी गोळी येते ओलांझापिनची, रिस्पेरिडोनची, आणि महिन्याने पंधरा दिवसांनी घ्यायचं इंजेक्शन येतं (डेपो इंजेक्शन म्हणतात), फ्लुफेनाझिन वगैरे, त्यात औषध तिळाच्या तेलात असतं म्हणून ते स्नायूत हळूहळू सुटत राहतं. दंडात घाईघाईत टोचायचं इंजेक्शन नाही ते, खोल द्यावं लागतं, जाड सुई लागते, दुखतं, हे पेशंटला आधी सांगायचं, फसवून नाही द्यायचं. रोजच्या भांडणापेक्षा महिन्यातून एकदा दुखलेलं परवडलं असं म्हणणारे पेशंट खूप आहेत.

बिडीचं तर लोकांना खरंच वाटत नाही. क्लोझापिन आणि ओलांझापिन, स्किझोफ्रेनियाच्या या दोन औषधांना बिडी-सिगरेटचा धूर लिव्हरमधून लवकर बाहेर काढतो. निकोटिन नाही, धूर. त्यामुळे तंबाखू गुटख्याने हा फरक पडत नाही (बाकी त्याने काय होतं ते वेगळं) पण बिडीने पडतो. आता बघा काय होतं. काका घरी दिवसाला दोन बंडल ओढतात, त्यावर क्लोझापिनची मात्रा बसवलेली. काही कारणाने भर्ती झाले, वॉर्डात बिडी बंद, गोळी तीच, आठवड्याभरात लेव्हल दीडपट होऊ शकते, काका दिवसभर झोपतात, लाळ गळते, तोल जातो, क्वचित फिट पण येते. किंवा उलटं, वॉर्डात बिडी बंद असताना मात्रा बसवली, छुट्टी झाली, गेटबाहेर टपरीवर पहिली बिडी, आणि महिन्यात परत आवाज ऐकू यायला लागले. घरचे म्हणतात, गोळी तर रोज देतो सिस्टर, आम्ही चुकलो नाही. नाहीच चुकले ते. म्हणून भर्तीच्या फॉर्मवर बिडी किती हे मी नुसतं हो/नाही असं लिहीत नाही, बंडल विचारते. आणि कोणी बिडी सोडायची ठरवली, चांगलीच गोष्ट आहे, तर आधी डॉक्टरला सांगून सोडा.

क्लोझापिनवर असलेल्यांनी अजून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या, घसा दुखून ताप आला तर घरगुती काढा नंतर, आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यासाठीच तर पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात. आणि बद्धकोष्ठ. हसू नका, या औषधात पोट साफ न होणं हे जीवावर बेतलेलं आहे लोकांच्या. चार दिवस झालं नाही, पोट फुगलं, तर इसबगोलवर सोडून देऊ नका. गोळी दोन दिवसांच्या वर चुकली असेल तर जुन्या मात्रेने परत सुरू पण करायची नाही, 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावी लागते, डॉक्टरच नेतील.

एक राहिलं, मान वाकडी होणं. हॅलोपेरिडॉलसारखं औषध किंवा इंजेक्शन दिल्यावर काही तासांत नाहीतर दोनचार दिवसांत, जास्त करून तरण्या मुलांना, मान एका बाजूला वळून अडकते, जीभ बाहेर येते, डोळे वर जाऊन तिथेच राहतात. बघायला भयंकर दिसतं, मी मान्य करते. आणि आपल्याकडे ज्याच्या डोक्यात बिघाड आहे त्याची मान अशी वळली की घरातलं मोठं माणूस म्हणतं, बघा, आलंय अंगात, आणि गाडी करून मेहंदीपूर बालाजीला, भूतबाधा उतरवायच्या देवळात. ग्वाल्हेरहून राजस्थानात तेवढा वेळ मान तशीच, डोळे वर, पोरगा घाबरून रडतोय कारण त्याला सगळं कळत असतं, शुद्ध पूर्ण असते. फेनरगनचं एक इंजेक्शन, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत मान सरळ. बालाजीला जायचं तर मान सरळ करून जा, माझी काही हरकत नाही. आणि परत आल्यावर डॉक्टरला सांगा म्हणजे औषध बदलतील किंवा जोडीला दुसरं देतील. "गोळ्यांनीच वेडा झाला" म्हणून सगळंच बंद करू नका.

पर्चीबद्दल थोडंसं. छुट्टी होते तेव्हा सगळ्यांना घरी जायची घाई असते, ऑटो बाहेर थांबलेला, आणि आम्ही सांगत असतो ते कोणाच्या डोक्यात जात नाही. म्हणून मी हल्ली पाकिटं मांडून बसते आणि जो घरी गोळ्या देणार त्याच्याकडूनच वदवून घेते, ही कुठली, कधी, कशासाठी. एकदा एका काकूंनी पिशवीतून जुनी पाकिटं पण काढली, घरी असू देत म्हणून ठेवलेली, तर दोन वेगळ्या कंपन्यांची नावं आणि आत एकच एस्सिटालोप्राम, एक जुन्या डॉक्टरची, एक नव्या, आणि दोन्ही चालू. नाव वेगळं म्हणजे गोळी वेगळी असं त्यांना वाटलं, कोणालाही वाटेल. पाकिटावर कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचायचं, मेडिकलवाल्याने "तीच आहे, दुसऱ्या कंपनीची" म्हणून बदलून दिली तरी वाचायचं आणि जुनं पाकीट घरातून काढून टाकायचं.

मराठी घरात भिंतीवर कालनिर्णय असतोच. त्याच्याच चौकोनात पेनने बरोबरची खूण करा गोळी दिली की, इंजेक्शनची तारीख, रक्ताची तारीख लिहून ठेवा, एकादशी तर तिथे छापलेलीच असते म्हणजे लिथियमवाल्यांचं काम सोपं. खूण पेशंटलाच करू द्या जमत असेल तर. नातेवाईक येतात आणि बघतात म्हणून कोणी कोणी कॅलेंडर स्वयंपाकघरात आतल्या बाजूला लावतात, लावा, चालेल.

आणि गोळ्यांचा डबा. ज्या घरात कोणी खूप उदास आहे, जगण्यात अर्थ नाही असं बोललंय, किंवा पूर्वी काही करून घेतलंय, तिथे सगळ्या गोळ्या कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, महिन्याच्या गोळ्या एकदम आणायच्या नाहीत, डॉक्टरला सांगून आठवड्याच्याच घ्यायच्या. हॉस्पिटलातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे जास्त जपायचे असतात, घरच्यांना वाटतं आता बरा होऊन आला, आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. दुकान उघडायचं असतं, मुलांच्या परीक्षा असतात, मला समजतं. तरी कोणीतरी एक जण घरात राहा. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, पेशंटनेच करायला पाहिजे असं नाही, घरचे पण करू शकतात.

डेपो इंजेक्शन घरी येऊन द्याल का असं दोघातिघांनी विचारलंय, त्यांना वेगळं उत्तर देते. कमेंटमध्ये पेशंटचं नाव आणि पर्चीचा फोटो टाकू नका प्लीज, मागच्या वेळी मला दोन डिलीट करायला लागले.